नावेची पाठवणी

८ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

आज म्या तोंडाले आवर घातला असता तर बरं झालं असतं. आता बोलून बसलो, तर निदान लिहून तरी ठेवतो.

झालं असं. आमच्या घरची, म्हणजे पंचफुला, गावातल्या बायाइचा मच्छी पकडाचा गट चालवते. अकरा बाया आहेत. आठ वर्षांपासून आमच्या तलावात थर्माकोलच्या पाटावर बसून जाळं टाकतेत. थर्माकोलले पोतं गुंडाळाचं, हातानं पाणी मारत जाचं, अशी सारी जुगाडाची गोष्ट. यंदा पहिल्यांदा तलाव पाच वर्षांसाठी गटाच्या नावानं होऊन राहिला. पण अट एक आहे. सत्तावीस तारखेले पांढुर्ण्याहून मच्छी विभागाचे सायेब येतीन, तेव्हा गटाची स्वतःची नाव पाण्यावर चालताना दिसली पाहिजे. नाही दिसली तर तलाव दुसऱ्याले. मग ह्या बाया वापस लोकाइच्या वावरात कापूस वेचाले.

नाव तयार आहे. पांढुर्ण्यात अभिजीत म्हणून एक पोट्टा फायबरच्या नावा बनवते, त्याच्याकडं. सवाल होता आणाची कशी. ट्रकवाला म्हणे चढवाले-उतरवाले क्रेन लागन. आमच्या तलावावर क्रेन कोण आणते? आज बाया आमच्या ओसरीवर बसल्या होत्या अन् साऱ्याइचे तोंडं उतरले होते. मी आतमध्ये चहा पिऊन राहिलो होतो. कप हातात घेऊन बाहेर आलो अन् म्हणलं, अभिजीत ट्रेलर देते ना, मग माझी पिकअप आहे. मी ओढून आणतो. डाव्या हाताचं काम आहे.

पंचफुलानं माझ्याकडं पाह्यलं अन् विचारलं, "पक्कं?"

म्या म्हणलं, "पक्कं."

ती लगेच बायाइकडं वळली अन् म्हणे, मग ठरलं, नाव चोवीसले गावात येईल. बाया हासत घरी गेल्या. जयवंता, ही त्याइच्यातली सर्वात जुनी, ढिवराची, म्हणजे मच्छीमाराच्या घरची, तिनं तर जाता जाता माझ्या पायाले हात लावला.

वीस वर्षांपासून पिकअपमध्ये संत्रा भरून नेऊन राहिलो. पण जे काही नेलं ते गाडीच्या पाठीवर. गाडीच्या मागं बांधून आजपर्यंत एक बकरीही ओढली नाही. मले भेव वाटून राहिलं.

११ नोव्हेंबर, सोमवार

पांढुर्ण्याले जाऊन आलो. पंचफुला म्हणे मीही येते. म्या म्हणलं तुझं काय काम, तर बसली गाडीत.

नाव पाह्यली. बापा, लय मोठी आहे. माझ्या पिकअपपेक्षा लांब. निळा रंग, आतून पांढरी. समोरची बाजू उंच, मागची खाली. अभिजीत पोट्टा तिशीचाही नसन, पण बोलते मास्तरासारखा. काका, हे पाहा, काका, ते पाहा. गाडीच्या मागं लोखंडाची पट्टी लावाची, तिच्यावर एक गोळा. ट्रेलरची वाटी त्या गोळ्यावर बसवाची, खटका लावाचा, अन् मग ट्रेलरचा दांडा हातानं वर उचलून पाहाचा. गाडी उचलली जाऊन राहिली म्हणजे बराबर बसलं. त्याच्या खालून दोन साखळ्या, एकीवर एक फुली करून. वाटी निसटली तर दांडा साखळ्याइच्या झोळीत पडते, रस्त्यावर नाही. नाव दोरानं नाही बांधाची, पट्ट्यानं आवळाची. पन्नासच्या वर जाचं नाही. अन् मागून शेपूट हलाले लागली तर ब्रेक दाबाचा नाही, अॅक्सिलेटरवरचा पाय उचलाचा, बस.

मी साऱ्याले हौ हौ म्हणत गेलो. शेवटी म्हणे, वजन नेहमी नाकावर, म्हणजे समोर दांड्याकडं राह्यलं पाहिजे, मागं काही ठेवाचं नाही, एक पोतं-बोरीही नाही. म्या म्हणलं, बाबू, मी नाव आणून राहिलो, संत्रा नाही. नावेत कायले बोरी ठेवू?

पंचफुलानं मात्र त्या पोट्ट्याचं डोकं खाल्लं. नाकावर म्हणजे किती? शेपूट काऊन हलते? हललीच तर किती वेळ हलते? मले लाज वाटून राहिली होती. त्यानंही मोठ्या हौसेनं सांगितलं, अन् दांडा तिच्या हातानं उचलवून दाखवला, जड लागला पाहिजे म्हणे. तिनं मोबाईलवर फोटोही काढले. गटातल्या बायाइले दाखवाले असतीन.

वापस येताना सौसरले वेल्डिंगवाल्याकडून पट्टी अन् गोळा बसवून घेतला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज मागं घ्याची प्रॅक्टिस केली. तलावाच्या काठावर ट्रेलर उलटा पाण्यात न्यावा लागन, म्हणून. मोठ्या भाऊचं दोन चाकाचं पाण्याचं टँकर पिकअपले जोडलं अन् वावरात नेलं.

देवा रे. स्टेअरिंग डावीकडं फिरवलं की टँकर उजवीकडं जाते. उजवीकडं फिरवलं की डावीकडं. अन् सरळ ठेवलं तर त्याच्या मनाले येईल तिकडं. चार वेळा गाडी अन् टँकर एकमेकाच्या गळ्यात पडले. पाचव्यांदा भाऊच्या तुरीची अर्धी ओळ झोपली. भाऊ वावराच्या कडेले धुऱ्यावर उभा होता. काही बोलला नाही, फक्त तुरीकडं पाह्यलं अन् मग माझ्याकडं. बोलला असता तर बरं झालं असतं.

घरी आलो तर पंचफुला ओसरीवर, कानात ते बटन घालून, मोबाईल पाहून राहिली. दोन दिवस झाले, दुपारचं काम आटपलं की हेच. नाव यायले दहा दिवस राह्यले अन् बाईले सिरियल सुचते. म्या विचारलं काय पाहून राहिली, तर म्हणे काही नाही, असंच. मोबाईल पालथा ठेवला.

१७ नोव्हेंबर, रविवार

संत्र्याची तोडणी चालू आहे, लिवाले टाईम नाही. आज जेवताना पंचफुलानं विचारलं, भेव वाटते काय तुम्हाले? म्या म्हणलं, मले? अन् कायचं? तिनं भाजी वाढली.

खरं म्हणजे तीन दिवसांपासून जेवण जात नाही. तिनं माझ्या भरोशावर साऱ्या गावात शब्द दिला आहे. बाया रस्त्यात भेटल्या की "भाऊ, चोवीस तारीख ना?" म्हणतेत. मी हासतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज एक चांगली गोष्ट झाली. जयवंता म्हणे, पांढुर्णा हे आपल्या नावेचं माहेर झालं अन् आपलं गाव सासर. पोरगी सासरी निघाली तर रिकाम्या ओटीनं जाते काय? वाटेत ज्याइचे सोयरे आहेत त्याइनं ओटी भरावी.

मले तर हे इतकं आवडलं. कल्पना जयवंताची, पण फोन सारे म्या केले. मोहगावले माझ्या साळ्याच्या घरी, सौसरले चुलतभाऊ, जयवंताची बहीणही सौसरचीच, अन् रामाकोन्याले चहाचा दुकानवाला आपलाच माणूस आहे. सारे खूष. साळ्यानं तर डफडं वाजवणारा सांगतो म्हणलं.

एकटी पंचफुला म्हणे, पसाभर तांदूळ अन् एक नारळ पुरे, जास्त कायले? अशा टायमाले ही बाई हात आखडते. म्या म्हणलं, आपल्या गावाची पहिली नाव आहे, होऊ दे थाट. त्या टायमाले मी भेव विसरलोच होतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

नाव आली. दिवेलागणीले बसून लिहून राहिलो. सारं लिवतो, सुरुवातीपासून.

सकाळी पांढुर्ण्याहून निघालो. गाडीत मी, मधात जयवंता, खिडकीले पंचफुला. अभिजीतनं खटका, साखळ्या, पट्टे, मागचे लाईट सारं तपासून दिलं. पंचफुलानं उतरून पुन्हा एकदा दांडा उचलून पाह्यला. पोट्टा हासला अन् म्हणे, काकू पास. नाव लय गुणाची निघाली. आरशात पाहावं तर मागं सरळ, मागं काही आहे असं वाटूच नाही. मले वाटलं, फालतू टेन्शन घेतलं पंधरा दिवस.

मोहगावच्या फाट्यावर साळा डफडं घेऊन हजर. दहा-बारा बाया, हळद-कुंकू, खण, नारळ, तांदूळ, अन् साळ्याकडून पोरीले म्हणून गव्हाची एक अख्खी बोरी. नावेची समोरची बाजू उंच, तिथं बायाइचे हात पुरेनात. मागची बाजू खाली आहे म्हणून साऱ्याइनं तिथंच ओटी भरली. बोरीही मागंच ठेवली. एका म्हातारीनं नावेच्या पाठीवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मले तिथं खरंच भरून आलं. आम्हाले पोरगी नाही. एकच पोरगा, अंकुर, तो पुण्यात. पाठवणी कशी असते ते आज समजलं.

पंचफुला म्हणे, बोरी आपण पिकअपमध्ये घेऊ. म्या म्हणलं, ओटीतलं बाहेर काढतेत काय? लोकाइसमोर शोभते काय हे? ती गाडीत जाऊन बसली.

सौसरले चुलतभावानं संत्र्याचे चार कॅरेट दिले, निवडून निवडून काढलेले. अन् जयवंताच्या बहिणीनं काय आणलं असन? पाटा अन् वरवंटा. दगडाचा, दोन माणसांनी उचलून आणला. म्हणे पोरीले संसाराचं सामान नको काय? सारे हासले, पण बाईचं मन कोण मोडते? ठेवला मागं. रामाकोन्याले चहा झाला, तिथं दुकानवाल्याच्या घरच्याइनं भुईमुगाचं पोतं अन् गुळाची भेली दिली. नाव झेंडूच्या हारानं अशी सजली होती की रस्त्यावरचे लोक गाड्या थांबवून फोटो काढून राहिले.

सौसर सोडल्यापासून ती थोडी लाडात आली होती. आरशात पाहावं तर मागून हळूहळू इकडून तिकडं, इकडून तिकडं. पंचफुला म्हणे हळू घ्या. म्या म्हणलं हळूच आहे. स्पीड पंचेचाळीस. पट्टे तपासले, घट्ट होते. टायर पाह्यले, हवा बराबर. मले काही समजलं नाही. वाटलं रस्ताच खराब आहे.

रामाकोना सोडून नदीच्या पुलाकडचा उतार लागला. तिथं गाडी आपोआप पन्नासच्या वर गेली अन् मागून एक झटका आला. मग दुसरा, त्याच्याहून मोठा. मग स्टेअरिंग माझ्या हातात राह्यलंच नाही. नाव मागून पिकअपले धरून हलवून राहिली होती. समोरून ट्रक. जयवंतानं डोळे मिटले. अभिजीतनं काय सांगितलं होतं त्यातलं एक अक्षर मले आठवलं नाही. पाय ब्रेककडं गेला.

"ब्रेक नाही," पंचफुला म्हणे. आवाज चढवला नाही तिनं, भाकरी झाली म्हणाव्या तशी म्हणे. "फक्त पाय उचला. स्टेअरिंग सरळ धरा. बस, धरून ठेवा."

म्या पाय उचलला. ट्रक गेला, त्याचा वारा अंगाले लागला. आणखी दोन झटके आले, मग लहान, मग लहान. अन् शेवटच्या झटक्याले नावेचं मागचं टोक कडेच्या मैलाच्या दगडाले घासलं. गाडी थांबली.

खाली उतरून पाह्यलं. मागच्या कोपऱ्यात वीतभर चीर. तिथंच रस्त्याच्या कडेले बसलो. सत्तावीस तारीख तीन दिवसावर अन् मी नाव फोडली. पंचफुलानं चिरेवरून बोट फिरवलं. मग नावेत डोकावून म्हणे, संत्रा दबून राहिला, पाटाही फुटन, हे सारं पिकअपमध्ये घ्या, अगदी समोर, कॅबिनले लागून. म्या म्हणलं, नाव फुटली अन् तुले संत्र्याची पडली? पण जयवंता अन् ती दोघी मिळून सारं सामान पिकअपमध्ये टाकाले लागल्या, मग मलेही उठावं लागलं. सारं झाल्यावर तिनं पुन्हा ट्रेलरचा दांडा वर उचलून पाह्यला. उचलेना. म्हणे, आता ठीक. काय ठीक ते तिलेच माहीत.

मी नावेजवळ गेलो अन् तिले दोन शब्द सुनावले. म्हणलं, बाई, सासरी जाताना असे चाळे करतेत काय? आता सरळ चाल. अन् खरंच सांगतो, तिथून गावापर्यंत तिनं एकदाही शेपूट हलवली नाही. मी तीसच्या वर गेलोही नाही म्हणा.

गावात बाया आरती घेऊन उभ्या होत्या. पंचफुलानं आरती थांबवली अन् पहिले साऱ्याइले चीर दाखवली. म्हणे, पाहून घ्या, मग ओवाळा. बायाइचे चेहरे पाहावेना. तवा जयवंता बोलली. म्हणे, ट्रक असा हातावर होता, ओटी भरली होती म्हणून नाव वाचली, नाहीतर आज नदीत गेली असती. साऱ्याइले पटलं. मलेही पटलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

अभिजीत मोटरसायकलनं पांढुर्ण्याहून आला. सोबत फायबरचं कापड अन् डब्यात ते चिकट. नाव अंगणात आहे. चीर पाहून म्हणे, वाचली, पाण्याच्या रेषेच्या वर आहे, पण चिकटवून दोन दिवस कडक ऊन लागन. मग विचारलं, काका, झालं कसं? म्या सारं सांगितलं, उतार, झटके, ट्रक.

"मागं काही ठेवलं होतं काय?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडाच्या आत पंचफुलानं उत्तर दिलं. "नाही. काहीच नव्हतं. उतारच खराब आहे तो."

आता ओटी तर होती. पण ओटी म्हणजे काही सामान नाही, ते तिलेही माहीत आहे, म्हणून म्हणली असन. अभिजीतनं तिच्याकडं पाह्यलं, मग ओसरीवर ठेवलेल्या गव्हाच्या बोरीकडं, कॅरेटकडं, पाट्याकडं. मग खाली मान घालून चिकट कालवाले लागला. पोट्टा हुशार आहे, पण कधी कधी एकदम गप्प होते. जाताना म्या त्याले दोन किलो संत्रा बांधून दिला.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळपासून बाया येऊन राहिल्या. येतेत, चिकटवलेल्या जागेवर बोट ठेवतेत, पंचफुला ओरडते, हात लावू नका. दुपारी ढग आले. ती नावेवर आपलं लुगडं धरून बसली, अर्धा तास. ढग गेले.

तिनं आज काही खाल्लं नाही. म्या म्हणलं, काही होत नाही, उद्या पाहाजो. तिनं मान हलवली. अकरा घरचे लोक तिच्या तोंडाकडं पाहून राहिले, अन् तिनं कोणाच्या तोंडाकडं पाहावं? मले म्हणाचं होतं की मलेही धडधड होऊन राहिली, तू एकटी नाहीस. पण तोंडातून निघालं, "अगं, डाव्या हाताचं काम." स्वतःलेच एक चापट मारावीशी वाटली.

२७ नोव्हेंबर, बुधवार

सायेब दहाचे म्हणून साडेअकराले आले. सोबत एक बाबू. सारं गाव काठावर. आता नाव पाण्यात उतरवाची, म्हणजे ट्रेलर उलटा घ्याचा.

पहिल्यांदा घेतला, ट्रेलर बाभळीकडं गेला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तेच. मागच्या गर्दीतून कोणीतरी हासलं. सायेबाइनं घड्याळ पाह्यलं अन् म्हणे मले पुढंही दोन गावं आहेत. माझ्या शर्टातून पाणी निघून राहिलं होतं. चौथ्यांदा चाक चिखलात गेलं.

पंचफुला खिडकीजवळ आली. म्हणे, गाडी बंद करा अन् हँडब्रेक ओढा.

मग ती बायाइकडं गेली. त्याइनं ट्रेलर गोळ्यावरून सोडला. एक जाड दोर ट्रेलरच्या दांड्याले बांधला, त्याचे दोन वेढे पिकअपच्या हुकाले टाकले अन् टोक माझ्या हातात दिलं. "आम्ही ढकलतो," म्हणे. "उतारावर सुटू द्याची नाही. सोडत जा, थोडा थोडा. हे तुमच्याकडं."

अकरा बाया लुगड्याचे काचे मारून ट्रेलरले भिडल्या. जयवंता सूर धरते, बाकीच्या जोर लावतेत. जाळं ओढताना त्या असंच करतेत म्हणे, म्या आज पहिल्यांदा पाह्यलं. मी दोर सोडत गेलो. उताराले ट्रेलर सुटाले पाहे, दोर हातातून जळत जाये, मी वेढ्यावर धरून ठेवला. चाकं पाण्यात गेली. मग नाव थोडी उचलली गेली, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, अन् ट्रेलर खाली राह्यला अन् नाव वेगळी झाली. तरंगली. काठावर साऱ्याइचे डोळे त्या कोपऱ्यावर होते.

सायेब म्हणे, चालवून दाखवा. पंचफुला अन् आणखी पाच जणी बसल्या. सहा बाया बसल्यावर नाव खाली गेली, पाणी चिकटवलेल्या जागेच्या चार बोटं खाली थांबलं. त्या पार मधापर्यंत गेल्या. तिथं वळल्या. वापस आल्या. सायेबाइनं स्वतः वाकून आत हात फिरवला. हात कोरडा निघाला.

"ठीक आहे," सायेब म्हणे. "तलाव तुमचा."

बाया एकमेकीच्या गळ्यात पडल्या. जयवंता तर पाण्यातच बसली. माझ्या हाताची सालटं निघाली होती, ते मले तवा समजलं. सायेबाइनं निघताना विचारलं, नाव आणली कोणी पांढुर्ण्याहून? एवढ्या दूर ट्रेलरवर कोणी आणत नाही.

"आमच्या ह्याइनं," पंचफुला म्हणे. "ह्याइच्याशिवाय आली नसती."

साऱ्या गावासमोर म्हणली.

१ डिसेंबर, रविवार

मधात तीन दिवस लिवलं नाही. हाताले पट्टी होती.

नाव चांगली चालून राहिली. शुक्रवारी बोरगावकडच्या एका गटाच्या बाया आल्या. त्याइचीही नाव अभिजीतकडं तयार होऊन राहिली. पंचफुला त्याइले म्हणे, आमचे हे आणून देतीन, पण एक रीत पाळा. वाटेत ओटी भराची नाही. नाव पाण्याले लागली की काठावर भराची, पाहिजे तेवढी. ही रीत तिनं कुठून काढली कोणास ठाऊक. म्या विचारलं तर म्हणे, असंच, संत्रा दबते. बाया मानतेत तिचं.

आज सकाळी ती म्हणे, चला. म्या म्हणलं कुठं? म्हणे, नाव आणली तुम्ही अन् बसले नाही एकदाही. म्या म्हणलं संत्र्याचं काम आहे. म्हणे, संत्रा कुठं पळून जात नाही.

लपवण्यात काही मतलब नाही, हे माझंच लिवणं आहे. मले पोहता येत नाही. सारा जन्म तलावाच्या काठावर गेला, पण टोंगळ्याच्या वर पाण्यात कधी गेलो नाही. बसलो. दोन्ही हातानं दोन्ही काठ धरले. ती समोर बसून वल्हं मारून राहिली. काठ दूर गेला. आमचं घर दिसाले लागलं, मग लहान झालं, मग झाडाइत गेलं.

मधात गेल्यावर तिनं वल्हं वर घेतलं. एवढं शांत की जाळ्याच्या खुणेच्या बाटल्या पाण्यावर एकमेकीले लागून राहिल्या होत्या, त्याचा आवाज येत होता. म्या विचारलं, इथं किती खोल असन? ती म्हणे, तीन माणसं एकावर एक उभे केले तर वरच्याचं डोकं दिसन कदाचित.

म्या खाली पाह्यलं. काहीच दिसलं नाही, नुसतं हिरवं. अन् ही बाई आठ वर्षं इथं थर्माकोलच्या पाटावर बसून येत होती. हिलेही पोहता येत नाही. मले माहीत आहे, हिच्या माहेरी तलाव नाही, विहीर होती फक्त. डोळ्यातलं पाणी पुसाले हात सोडावा लागला असता म्हणून पुसलं नाही.

"भेव वाटते काय?" तिनं विचारलं.

पंधरा दिवसांपूर्वी जेवताना विचारलं होतं तसंच, तोच आवाज. "मले?" असं माझ्या तोंडावर आलंच होतं.

"हौ," म्या म्हणलं. "लय वाटून राहिलं. नाव आणताना तर रोज वाटत होतं."

ती हासली नाही. वल्हं मांडीवर आडवं ठेवून तिनं पाण्याकडं पाह्यलं.

"मलेही वाटते," म्हणे. "रोज."

मग तिनं वल्हं खाली घातलं अन् आम्ही जाळं काढाले गेलो.